तीनशे बारा वेळा मान्य

‘आलेखी प्रवेगन अनुपलब्ध. क्रीडा आरंभ होऊ शकत नाही.’

पडद्यावरचं हे वाक्य कल्याणी चौगुलेनं त्या सकाळी सातव्यांदा वाचलं आणि सातव्यांदा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर खेळ सुरू होत नाही, आणि तो होत नाही हे सांगायला असलं मराठी. सरळ म्हणा की, ग्राफिक्स कार्ड काम करत नाही, गेम चालू होणार नाही. पण सरळ बोलायचं ठरवलं तर कार्ड बनवणाऱ्या व्हर्टिका कंपनीचा धंदा कसा चालायचा?

समोर खुर्चीत भालचंद्र मगदूम बसले होते. जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीतलं ‘मगदूम कॉम्प्युटर्स’ त्यांचं. बारा वर्षांपूर्वी कल्याणी इथे काम शिकायला आली आणि इथलीच झाली. ती त्यांना काका म्हणायची. काकांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, दुकानामागच्या याच खोलीत ते एकटेच राहायचे. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीभ पंधरा दिवसांत ताळ्यावर आली, पाय काठी घेऊन चालू लागला. उजवा हात मात्र आला नाही. तीस वर्षं त्या हातानं केसाएवढ्या तारा डाग देऊन जोडल्या होत्या, आणि आता तो सेन्सरचा हातमोजा घालून, डोळ्याला दिसू नये म्हणून काळ्या कापडाखाली नुसता पडून होता.

“काय म्हणतंय?” काकांनी विचारलं.

“तेच.”

“केबल बघितलीस?”

“बघितली काका.”

‘डोह’ हा खेळ म्हटला तर पोरखेळ. पडद्यावर स्वच्छ पाणी, पाण्यात एक हात, हाताभोवती मासे. मोज्यातले सेन्सर खऱ्या बोटाची डोळ्याला न दिसणारी हालचालही पकडतात, आणि पडद्यावरचा हात तीच हालचाल करतो, फक्त थोडी जास्त. खरं बोट केसभर हललं तर चित्रातलं बोट चांगलं वाकतं आणि मासा येऊन त्याला टेकतो. मेंदू फसतो. आपला हुकूम पोचला असं त्याला वाटतं, मग तो पुढचा हुकूम आणखी जोरात सोडतो, आणि झटक्यात तुटलेल्या वाटेशेजारून हळूहळू नवी वाट पडते. अट एकच. हुकूम आणि चित्र यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त अंतर पडता कामा नये. पडलं की मेंदू ओळखतो, हा हात माझा नव्हे.

इतक्या वेगानं चित्रं काढणं मुख्य प्रोसेसरला झेपत नाही. तो हुशार, पण एकटा कारकून. ग्राफिक्स कार्डात हजारो साधे गडी असतात आणि प्रत्येक जण आपापला ठिपका रंगवतो, त्यालाच ग्राफिक्स ॲक्सिलरेशन म्हणायचं. अलीकडे कंपन्यांनी त्यातही एक युक्ती आणली होती. कार्डानं दहातली दोनच चित्रं खरी काढायची, मधली आठ अंदाजानं भरायची. हा अंदाज करणारा प्रोग्रॅम कंपनीचा, आणि तो चालायचा कंपनीकडच्या खात्यावर. म्हणजे कार्ड तुम्ही विकत घेतलेलं, वीज तुमची, घर तुमचं, पण खातं बंद झालं की हातात उरणार नुसता पत्रा.

मिरजेच्या डॉक्टर शेटेबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. झटक्यानंतर तीन-चार महिने मेंदू नवी वाट पाडायला तयार असतो, पुढे तो आळसावतो. दवाखान्यातल्या मशीनवर आठवड्याला वीस मिनिटंच मिळतात, म्हणून घरी रोज दोन तास खेळा. काकांचे जेमतेम सहा आठवडे उरले होते. चौदा दिवसांत तर्जनीचं टोक हलू लागलं होतं, आणि पंधराव्या दिवशी हे वाक्य आलं.

कल्याणीनं सगळं केलं. जुना ड्रायव्हर मुळापासून पुसून नवा टाकला. कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, पुन्हा घट्ट बसवलं. दुसऱ्या खाचेत लावून बघितलं, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, मॉनिटरची वायर उलटसुलट करून झाली. कार्ड ठणठणीत होतं. त्याला काही झालंच नव्हतं.

दुपारपर्यंत दुकानात पाच मशीन येऊन पडली आणि फोन तर थांबेनात. सगळ्यांचं रडगाणं एक, गेम सुरू होत नाही. कुणाच्या मुलाची स्पर्धा होती, कुणी नुसताच वैतागला होता. एवढ्या कार्डांना एकाच दिवशी रोग होत नसतो. कल्याणीनं व्हर्टिकाला फोन लावला.

“नमस्कार! मी तुमची व्हर्टिका-मैत्रीण,” मशीनचा गोड आवाज आला. “तुमच्या खात्यावर तीनशे बारा कार्डं दिसत आहेत. इतका मोठा उद्योग उभारल्याबद्दल अभिनंदन!”

“कसला उद्योग? ही गिऱ्हाइकांची कार्डं आहेत!”

“सर्व कार्डांची नोंद ‘मगदूम कॉम्प्युटर्स’ या एकाच नावानं आहे. या महिन्यापासून पाचपेक्षा जास्त कार्डांचं खातं घरगुती धरलं जात नाही. तुमचं प्रवेगन थांबवण्यात आलं आहे.”

नोंद कल्याणीनंच केली होती.

ही दुकानाची रीत होती. नुसती याच दुकानाची कशाला, गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांची. गिऱ्हाइकाला ई-मेल विचारा, तो म्हणणार मुलाला विचारून सांगतो. पासवर्ड ठेवायला लावा, तो आठ दिवसांत विसरणार आणि तुमच्याच नावानं शिमगा करणार. म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी तिला शिकवलं होतं, “गिऱ्हाइकाला इचारत बसायचं न्हाई. दुकानाचं खातं टाक, मान्य दाब, चालू मशीन हातात दे.” खाली चाळीस पानांच्या अटी असायच्या. त्या ना काकांनी वाचल्या, ना तिनं. बारा वर्षांत जुनी मोडीत गेली ती सोडून तीनशे बारा घरं त्या एका खात्यावर चढली होती, आणि त्या घरांना त्याचा पत्ताही नव्हता.

“बरं, एक काम कर,” ती फोनमधल्या मैत्रिणीला म्हणाली. “एकच कार्ड वेगळं काढून दे. आजारी माणसाचं आहे. त्यांच्या हाताचा इलाज आहे त्याच्यावर.”

“समूहाचा निर्णय झाल्याशिवाय एक कार्ड वेगळं करता येत नाही.”

“मग नवीन कार्ड आणते!”

“रुग्णाच्या हातावरून खेळ जे शिकला, त्याची नोंद याच खात्यात आहे. ती हलवता येत नाही. आपल्यापुढे दोन पर्याय आहेत.”

पहिला पर्याय, प्रत्येक मालकानं स्वतः मशीनसमोर बसून, चेहरा दाखवून, आपल्या नावानं नोंद करायची. सगळ्या तीनशे बारा नोंदी पूर्ण झाल्या की खातं उघडणार. यातले कितीतरी जण पुण्याला गेले होते, काहींचे फोन बदलले होते. दोन महिने सहज जाणार. दुसरा पर्याय, आपण व्यावसायिक समूह आहोत असं कबूल करायचं. मग सगळी कार्डं तत्काळ चालू. बदल्यात, कार्ड रिकामं असेल तेव्हा व्हर्टिका त्यावर आपली गणितं सोडवणार.

“कसली गणितं?”

“ती माहिती गोपनीय आहे. आणखी काही मदत करू?”

“तुझं तोंड बंद कर, हीच मदत,” म्हणत कल्याणीनं फोन आपटला.

तिनं मागच्या खोलीत डोकावून बघितलं. काका डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून उलगडत होते. उलगडलेलं बोट सोडलं की ते पुन्हा मिटायचं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. शिव्या देत होते, आणि त्या कुणा माणसाला नव्हत्या, त्या हातालाच होत्या.

कल्याणी परत काउंटरवर आली आणि तिनं मान्य दाबलं. तेवढ्यासाठी तिला एक मिनिटही लागलं नाही.

गिऱ्हाइकांचीही सोय झाली, असं तिनं स्वतःला समजावलं. खोटं नव्हतं ते. पाचही मशीन तासाभरात चालू होऊन गेली, लोक वाखाणून गेले, “ताई, तुमच्या हाताला गुण हाय.” काकांना तिनं एवढंच सांगितलं, सर्व्हरची भानगड होती, मिटली. काकांनी मान हलवली आणि मोजा चढवला. मासा येऊन बोटाला टेकला, तसे ते लहान मुलासारखे हसले.

तीन आठवड्यांत तर्जनी उघडली, मग मधलं बोट, मग अनामिका. चौथ्या आठवड्यात काकांनी रिकामा पेला तीन बोटांनी ढकलत टेबलाच्या काठापर्यंत नेला. अंगठा तेवढा तळहाताला चिकटून होता. शेटेबाई म्हणाल्या, “अंगठा सगळ्यात शेवटी येतो. थांबू नका.”

पण मधल्या काळात दुकानात वेगळीच तक्रार येऊ लागली. मशीन रिकामं असलं तरी पंखा ओरडतो. खोली तापते. काही न करता कॉम्प्युटर हात लावू देत नाही. कल्याणी मशीन उघडायची, ब्रशनं झाडायची, पुन्हा बंद करायची. “धूळ साचली होती,” म्हणायची. बारा वर्षांत तिनं गिऱ्हाइकाला मशीनबद्दल एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता दिवसातून चार-चार वेळा सांगत होती. स्वतःचा राग यायचा, म्हणून ती व्हर्टिकाला शिव्या द्यायची. कंपनीला शिव्या देणं सोपं असतं.

काका आता दुपारी दुकानात येऊन बसू लागले होते. अशाच एका दुपारी शमा मुजावर आली. ती अकराव्या गल्लीत राहायची, ब्लाउजवरच्या आरीकामाची नक्षी कॉम्प्युटरवर काढून द्यायची. लग्नसराईच्या दिवसांत तिला मान वर करायला फुरसत नसायची. पिशवीतून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

“बंदच पडलं बघा, ताई. जळका वास आला आणि पडदा काळा झाला. माझंच काहीतरी चुकलं असंल. पंखा ओरडाय लागला तवाच बंद कराय पायजे होतं मी.”

कल्याणीनं हात पुढे करायच्या आत काकांनी डाव्या हातानं कार्ड ओढून घेतलं. नाकाशी नेलं. कल्याणीला पंख्याची पट्टी काढायला लावली. आतली, चिपची उष्णता ओढून घेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकून भुगा झाली होती, पाठीवर काळपट डाग पडला होता.

“गेम किती येळ खेळती तुझी पोरगी?” काकांनी विचारलं.

“शाळेतनं आल्यावर तासभर. बाकी माझं काम असतंय, पण ते काय एवढं जड न्हाई.”

“रातीला बंद करतीस?”

“न्हाई काका. बंद करू नका, अपडेट होत असतंय, असं ताईच म्हणाल्या होत्या. ताईंनी दोनदा साफ करून दिलं की, त्यांचा काय दोष?”

काकांनी कल्याणीकडे बघितलं. कल्याणीनं काउंटरवरच्या दुकानाच्या कॉम्प्युटरचं कार्ड भराभर उपसून काढलं आणि शमापुढे धरलं. हे घेऊन जा, म्हणाली, संध्याकाळी येऊन बसवून देते. शमा आशीर्वाद देत निघून गेली. ती शिव्या घालून गेली असती तर फार बरं झालं असतं, असं कल्याणीला वाटलं.

“हे खेळून मेल्यालं कार्ड न्हवं,” काका सावकाश म्हणाले. “हे रातंदिस राबून मेलंय. कुणासाठी राबत होतं?”

“काका, धूळ...”

“मला धूळ शिकवतीस? मला?” काठी जमिनीवर आपटली. “तीस वर्षं मेलेली कार्डं हुंगतोय मी!”

मग कल्याणीनं सांगितलं. उभ्यानंच, एका दमात, त्यांच्याकडे न बघता. तीनशे बारा, दोन पर्याय, आणि मान्य.

“इकलीस तू गिऱ्हाइकं.”

“विकली नाहीत! तुमच्यासाठी केलं मी!”

“मला इचारलंस?”

“तुम्ही कधी विचारलंत कुणाला?” कल्याणीचा आवाज चढला. इतक्या दिवसांचं कोंडलेलं सगळं उफाळून वर आलं. “मी काय नवीन केलं? तुम्हीच शिकवलंत ना, गिऱ्हाइकाला विचारत बसायचं नाही! दुकानाचं खातं टाक, मान्य दाब! बारा वर्षं तेच करत आले मी. आणि आता मला चोर ठरवता? त्या शमाचं कार्ड मी दुकानाच्या खात्यावर टाकलं तेव्हा तुम्ही इथंच बसला होता!”

काकांनी हातातलं मेलेलं कार्ड काउंटरवर ठेवलं.

“व्हय,” ते म्हणाले. “मीच शिकवलं. सोड तो ग्रूप.”

“नीट ऐका. सोडला की खातं कायमचं बंद होणार. गिऱ्हाइकांना आपापल्या नावानं नवीन खातं काढता येईल, त्यांचं काही अडणार नाही. पण तुमच्या हाताची सगळी नोंद पुसली जाईल. खेळाला तुमचा हात पुन्हा इतका ओळखीचा व्हायला महिना जातो, आणि तुमचे दोन आठवडे राहिलेत. अंगठा आलेला नाही अजून! अंगठ्याशिवाय डाग द्यायची सळई धरणार कशी तुम्ही?”

“ते मला कळत न्हाई व्हय? रोज सकाळी उठून पयल्यांदा अंगठाच बघतोय मी!” काका ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही त्यांना संताप आला होता. “मला माझा हात पायजे. पायजेच! पण माझी बोटं त्या बाईच्या कार्डावर उघडलीत. आणि आणखी कुणाकुणाच्या घरात पंखे ओरडायलेत, ते तू बघून आलीयास का? त्यांच्या लाइटवर, त्यांच्या मशीनवर, त्यांना न सांगता! असला हात घिऊन मी कुणाची मशीन उघडू?”

“पंधरा दिवस थांबा. फक्त पंधरा. मग सोडते.”

“पंधरा दिवसांत किती जळतील, सांगतीस?”

कल्याणीचा राग आता कुणावर होता हे तिचं तिलाच कळेना. कंपनीवर होता, काकांवर होता, शमानं दिलेल्या त्या आशीर्वादांवरही होता. तिनं दुरुस्तीला आलेल्या मशीनवर खातं उघडलं. ‘समूह सोडा’वर बोट ठेवताच पडद्यावर मोठा मजकूर आला. ती खालचं बटण दाबणार, एवढ्यात काका म्हणाले, “वाच आधी. मोठ्यानं.”

तिनं वाचलं. तीन पानं होती. रुग्णाची नोंद पुसली जाईल, ती परत मिळणार नाही, कंपनी जबाबदार नाही, हे तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलं होतं. काका शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिले.

“आता दाब,” ते म्हणाले.

तिनं दाबलं. मागच्या खोलीत ‘डोह’ चालू होता तो पडदा पांढरा झाला.

मग काकांनी काउंटरखालचा मॉनिटरचा रिकामा खोका मागवला. “एक बाजू काप त्याची. आणि जाड पेन दे.”

“काय लिहायचंय? सांगा, मी टाइप करून प्रिंट काढते.”

“तुझं टाइप केल्यालं कोण वाचतंय? चाळीस पानं तूच वाचली न्हाईस. हातानं लिव्हल्यालं माणूस थांबून वाचतंय.”

त्यांनी पेन डाव्या हातानं उचललं आणि उजव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत खोचलं. अंगठा मिटलेलाच होता. पहिलं अक्षर पुठ्ठ्याबाहेर गेलं. पेन दोनदा पडलं. दुसऱ्यांदा कल्याणीनं उचलून स्वतः लिहायला घेतलं तर काकांनी असं बघितलं की तिनं मुकाट्यानं पेन परत दिलं. तासाभरानं एवढं लिहून झालं:

‘या दुकानानं तुमच्या सगळ्यांच्या वतीनं, तुम्हाला न विचारता, मान्य म्हटलं. त्यामुळे महिनाभर तुमची मशीन कंपनीसाठी राबत होती. आज ते बंद केलं. तुमच्या मशीनवर गेम चालू होणार नाही. तुमचं खातं तुमच्या नावानं काढायला आम्ही घरी येऊ. शिव्या तेव्हा द्या.’

अक्षरं वेडीवाकडी होती, ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, पण लांबून वाचता येत होतं. खाली त्यांनी ‘भालचंद्र मगदूम’ लिहिलं. ‘म’ची उभी रेघ मोडली, ती पुन्हा काढली. मग पेन तिच्याकडे सरकवलं.

“घाल.”

“दुकानाचं म्हणून तुमचं नाव आहे की.”

“दुकानाला बोटं न्हाईत. मी शिकवलं आणि तू दाबलंस. तुझं नाव तू घाल.”

बारा वर्षं तिनं शेकडो कार्डांवर एकच नाव टाकलं होतं, ते दुकानाचं. आता त्या पुठ्ठ्यावर काकांच्या नावाखाली तिनं आपलं नाव लिहिलं, कल्याणी चौगुले. तिनं पुठ्ठा बाहेर शटरच्या कडीला बांधला. फोन वाजू लागले होते, गेम चालू होत नाहीत म्हणून. तिनं ते वाजू दिले, स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि अकराव्या गल्लीची वाट धरली.

“शमाला आधी सगळं वाचाय लाव!” मागून काकांचा आवाज आला. अजून चिडलेलाच होता. “आणि दाबायचं का न्हाई, ते तिचं तिला ठरवू दे!”